आधी तळे, मग पंप

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या उद्यानांत मिळून सहा हेक्टर हिरवळ आणि चार हेक्टर झाडे-झुडपे आहेत. त्यांना सध्या पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणीच घातले जाते. त्याऐवजी 800 मीटरवरच्या कालव्यातून कच्चे पाणी उचलण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला असून त्यात 50 अश्वशक्तीचा पंप आणि 5 लाख लिटरची टाकी सुचवलेली आहे. उन्हाळ्यात कालव्याला 12 दिवसांचे आवर्तन मिळते, त्यानंतर महिनाभर तो कोरडा असतो. टाकीची जागा कालव्यापेक्षा 14 मीटर उंच आहे. हा प्रस्ताव योग्य आहे का? शिवाय आमच्या मलशुद्धीकरण केंद्रातून रोज 6 लाख लिटर पाणी नाल्यात सोडले जाते. ते वापरता येईल का?
(एक नगरसेविका, सोलापूर जिल्हा)

उत्तर : पिण्याचे पाणी हिरवळीवर जाऊ नये हा आपला आग्रह रास्त आहे आणि तो सोडू नये. प्रस्तावात मात्र हिशेब उलट्या बाजूने मांडलेला दिसतो. पंपाची अश्वशक्ती ही अशा योजनेत सर्वांत शेवटी ठरणारी गोष्ट आहे. कालवा सर्वाधिक किती दिवस बंद राहतो, हा आकडा पहिला.

ऐन उन्हाळ्यात तुषार सिंचनातील नासाडी धरून हिरवळीला दिवसाला 7 मिलिमीटर पाणी लागते असे समजू. सहा हेक्टरांना 420 घनमीटर झाले. झाडा-झुडपांना ठिबकने सरासरी 3 मिलिमीटर दिले तर चार हेक्टरांना 120 घनमीटर. एकूण गरज रोज 540 घनमीटर, म्हणजे 5 लाख 40 हजार लिटर. सुचवलेली टाकी एक दिवसही पुरणार नाही आणि कालवा बंद झाल्यावर उरलेले 29 दिवस पुन्हा पिण्याच्याच पाण्याकडे वळावे लागेल.

तीस दिवसांसाठी 16,200 घनमीटर साठा हवा. पाण्याचा पृष्ठभाग 90 बाय 70 मीटर असलेले तळे घेतले आणि बाष्पीभवन दिवसाला 8 मिलिमीटर धरले, तर रोज 50 आणि महिन्याला 1,500 घनमीटर पाणी उडून जाते. तळाचे अर्धा मीटर पाणी गाळामुळे उपसता येत नाही. ते सुमारे 2,300 घनमीटर. बेरीज 20,000 घनमीटर, म्हणजे 2 कोटी लिटर. उतरत्या बाजूंचे, 4 मीटर खोल आणि अस्तर घातलेले तळे तेवढे पाणी मावून घेते. बांधासह दोन एकरांच्या आसपास जागा लागेल. उथळ आणि पसरट तळे करू नये, कारण त्यात उन्हाला तेवढे अधिक पाणी द्यावे लागते.

आता पंप. बारा दिवसांत तळे भरायचे आणि त्याच काळात उद्यानांनाही पाणी द्यायचे, यासाठी बाष्पीभवनासह सुमारे 24,800 घनमीटर पाणी उचलावे लागेल (तळाचे न उपसलेले पाणी तळ्यात असतेच, म्हणून ते वजा केले). वीज दिवसाला 16 तास धरली तर ताशी 129 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 36 लिटर. हे पाणी 200 मिलिमीटर व्यासाच्या पाइपमधून नेल्यास 800 मीटरमध्ये घर्षणापोटी जेमतेम 5 मीटर हेड (पंपाला पाणी जेवढे उंच चढवण्याइतका जोर लावावा लागतो ती उंची) जाते. चढ आणि किरकोळ तूट मिळून 20 मीटर होतात आणि 15 अश्वशक्तीचा पंप त्याला पुरतो. पाइपच्या खरेदीत बचत म्हणून 150 मिलिमीटरचा पाइप घातला तर तेच घर्षण 20 मीटरच्या घरात जाते, एकूण हेड 35 मीटर होते आणि प्रत्येक आवर्तनाला पावणेदोनपट वीज लागते. ती बचत नगरपरिषदेला पाइपचे आयुष्य संपेपर्यंत वीजबिलातून फेडावी लागेल. कोणतीही निविदा काढण्यापूर्वी हा एक मुद्दा आपण सभेत लावून धरावा असे मला मनापासून वाटते. एकाच मोठ्या पंपापेक्षा 15 अश्वशक्तीचे दोन, एक चालू आणि एक राखीव, असे घेणे शहाणपणाचे. आवर्तनाच्या मध्यात एकुलता एक पंप जळाला, तर पुढचा महिना हातचा जातो.

तळ्यातून उद्यानांकडे रात्री पाणी देणारा पंप वेगळा लागेल. ठिबकसाठी वाळूचा फिल्टर आणि त्यामागे डिस्क फिल्टर अनिवार्य आहे. कच्च्या पाण्याची वाहिनी पिण्याच्या वाहिनीला कोठेही, तात्पुरत्या व्हॉल्व्हनेसुद्धा, जोडू नये. तळ्याभोवती कुंपण हवे आणि आत पडलेल्याला धरून वर येता येईल असे दोर चारही बाजूंना सोडलेले हवेत, कारण प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही. पाणी उचलण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी आणि मंजूर कोटा आधी हाती असावा.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाने मात्र सारा हिशेब पालटतो. मलशुद्धीकरण केंद्राचे पाणी रोज येते, त्याला आवर्तन नाही. गरज 5 लाख 40 हजार लिटरची आणि उपलब्धता 6 लाखांची असेल तर दोन एकरांचे तळे लागतच नाही. दिवसा साठवून रात्री देण्यापुरती, 6 ते 7 लाख लिटरची टाकी पुरते. पुणे महापालिकेने याच विचाराने, कितीतरी मोठ्या प्रमाणावर, मुंढव्याला जॅकवेल (पाणी उपसण्याची विहीर) बांधून तेथून उचललेले पाणी जुन्या मुठा कालव्यात शेतीसाठी सोडण्याची व्यवस्था केली. त्यासाठी ठरलेले प्रमाण वर्षाला साडेसहा टीएमसी, म्हणजे दिवसाला सरासरी 50 कोटी लिटर आहे. मात्र केंद्र नीट चालले नाही तर घाण पाणी थेट वापरणाऱ्याच्या दारात पोहोचते.

म्हणून केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची वर्षभराची तपासणी मागवून घ्यावी आणि त्यात उन्हाळ्याचे आकडे वेगळे पाहावेत. पाणी गाळून व निर्जंतुक करूनच वापरावे. मुले खेळतात त्या हिरवळीवर ते तुषारांनी उडवायचे असेल तर उद्यान बंद झाल्यानंतरच, आणि झाडांना ठिबकनेच द्यावे. टाकी झाकलेली असावी, कारण या पाण्यातील नत्र-स्फुरदामुळे उघड्यावर शेवाळ झपाट्याने वाढते आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात. अहवाल समाधानकारक असतील तर कालव्याचा प्रस्ताव बाजूला ठेवून आधी याच योजनेचे अंदाजपत्रक करून घ्यावे.