भाऊ राउंडमध्ये गप्प बसतो, त्याच्यासाठी बोलणार कोण?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहते, धाकटा भाऊही इथेच असतो, एकटाच, लग्न झालेलं नाही, आईबाबा भारतात. मागच्या आठवड्यात त्याला सेक्शन 2 खाली, म्हणजे तपासणीसाठी कायद्याने सक्तीने, मेंटल हेल्थ वॉर्डमध्ये ठेवलंय. राउंडला डॉक्टर, नर्स सगळे गोल करून बसतात आणि हा तोंडातून शब्द काढत नाही, मला फोनवर मात्र सांगतो की गोळ्यांनी दिवसभर गुंगी असते. इंडिपेंडंट ॲडव्होकेट मिळतो असं ऐकलं. किती पैसे लागतात? आणि बहीण आहे म्हटल्यावर देतील का?
– एक ताई

उत्तर : ताई, पैसे अजिबात नाहीत आणि तुम्ही असलात तरी मिळतो. सेक्शन 2 किंवा 3 (उपचारासाठी सक्तीने ठेवणं) खाली ठेवलेल्या प्रत्येक पेशंटला मेंटल हेल्थ ॲक्टनेच हा हक्क दिलाय, घरचं कोणी आहे की नाही हे बघतच नाहीत. वॉर्डवर 'आयएमएचए', म्हणजे इंडिपेंडंट मेंटल हेल्थ ॲडव्होकेट, पेशंटचं म्हणणं मांडणारा स्वतंत्र माणूस, हवाय म्हणून सांगा, नर्सला लगेच कळेल. भावाने स्वतः मागितला तर उत्तमच, नाहीतर तुम्हीही बोलावू शकता, कारण आईबाबा परदेशात असल्यामुळे कायद्याने 'निअरेस्ट रिलेटिव्ह' (सर्वांत जवळचं नातेवाईक) बहुतेक तुम्हीच ठरता, फक्त तुमच्याहून मोठं भावंड इथे नाही ना ते बघा.

पण एक आधीच सांगते, हा माणूस तुमच्या बाजूचा नसतो हं. डॉक्टरांच्याही नाही. तो भावाला एकट्याला भेटणार, त्याला काय हवंय ते ऐकणार आणि राउंडमध्ये तेच मांडणार, म्हणजे भावाला घरी जायचं असेल आणि तुम्हाला वाटत असेल की अजून थोडे दिवस राहू दे, तर तो घरी जायचंच बोलेल. घरच्यांना हे फार लागतं, आपणच बोलावला आणि आपल्याच विरुद्ध बोलतोय म्हणून. अहो, तुमचं म्हणणं सांगायला तुम्ही आहात की!

तारखांकडे मात्र लक्ष ठेवा. सेक्शन 2 जास्तीत जास्त 28 दिवसांचं असतं आणि ट्रायब्युनलकडे, म्हणजे पेशंटला सोडायचं की नाही ते ठरवणाऱ्या स्वतंत्र मंडळाकडे, अर्ज करायचा तर पहिल्या 14 दिवसांतच, तुमचा त्यातला आठवडा गेलाच आहे. ॲडव्होकेट म्हणजे इथे वकील नाही, पण वकील शोधून द्यायला तो मदत करतो आणि ट्रायब्युनलसाठी पेशंटला लीगल एड (सरकारी खर्चाने वकील) मिळते, पगार कितीही असो.

पुढे घरी आल्यावर मदत लागली तर काउन्सिल (तिथली नगरपालिका) केअर असेसमेंट, म्हणजे काय मदत लागेल याची पाहणी, करेल, तिथला ॲडव्होकेट वेगळा, केअर ॲक्ट 2014 खालचा. आणि तिथे मात्र "बहीण आहे ना, मग कशाला" असं ऐकायला मिळू शकतं, कारण तो ज्याला प्रक्रियेत भाग घेणं खूप अवघड जातं आणि सोबतीला योग्य माणूस नाही अशांसाठी आहे. पण ते योग्य माणूस कोण हे काउन्सिलने परस्पर ठरवायचं नसतं, भावाला समजत असेल आणि तो म्हणाला की ताई नको, तर तुम्हाला योग्य माणूस धरून चालत नाही. मोठ्या बहिणीसमोर सगळं बोलवत नाही, त्यात राग मानू नका.

सध्या पुढचा राउंड कधी आहे ते विचारा आणि त्याच्या आधी ॲडव्होकेटची भेट होईल असं बघा, त्या गुंगीचं तेव्हाच लिहून घेऊ दे. भावाला मराठीतून बोलणं सोपं जात असेल तर इंटरप्रिटर मागा, तुम्ही स्वतः भाषांतर करत बसू नका.