पेटीचं नंतर बघू, आधी लायसन्सवरचा नंबर दुरुस्त करून घ्या

नमस्कार दादा,

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागली नाही. मुलीची रायफल नेमबाजीच्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारासाठी भारतीय संघात निवड झाली, संघ जर्मनीला जाणार. आधी मनापासून अभिनंदन. हिंगोलीसारख्या ठिकाणाहून इथवर येणं म्हणजे काय, हे आम्ही भोगलंय. तुम्ही विचारलंत की रायफलची पेटी कोणती घ्यावी आणि नेमबाजीचं जाड जॅकेट हातातल्या बॅगेत न्यावं की चेक-इनमध्ये टाकावं. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत: शस्त्राच्या नवीन छापील लायसन्सवर रायफलच्या नंबरात एक अक्षर वेगळं पडलंय, पण ऑफिसवाले म्हणतात एवढ्यानं काही होत नाही.

दादा, होतं. आमच्या लेकीचं त्याच्यामुळेच झालं.

आम्हीही मराठवाड्यातलेच. जिल्हा आणि ऑफिस मुद्दाम लिहीत नाही, कारण आता कुणाशी भांडायचं नाही. सगळा किस्सा सांगतो, म्हणजे तुमच्या ऑफिसात तुम्हाला काय काय ऐकवलं जाणार आहे ते आधीच कळेल.

आमचं जुनं हाताने लिहिलेलं लायसन्स बुक होतं, त्यात नंबर बरोबर होता. पुढे सगळी लायसन्सं राष्ट्रीय डेटाबेसमध्ये चढवून त्यांना यूआयएन (प्रत्येक लायसन्सचा वेगळा ओळख क्रमांक) दिले गेले आणि छापील लायसन्स आलं. चढवताना ऑपरेटरने रायफलवरच्या 'बी'च्या जागी आठ टाकला. लायसन्स हातात पडलं त्याच दिवशी लेकीला ते दिसलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज घेऊन टेबलासमोर उभे राहिलो. सोबत जुन्या बुकाची झेरॉक्स, खरेदीचं बिल आणि रिसीव्हरवरच्या (रायफलच्या मुख्य धातूच्या भागावरच्या) नंबराचा फोटो, सगळं लावलेलं होतं.

अर्ज घेतला, पण पोहोच दिली नाही. "सिस्टीममध्ये आमच्याकडून दुरुस्ती होत नाही, वरून होते." वर म्हणजे कुठे, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. मग शस्त्राची पुन्हा पडताळणी हवी म्हणून कागद पोलीस स्टेशनला गेला. पोलीस स्टेशनचं काम चांगलं होतं. जमादारांनी रायफल बघितली, नंबर भिंगाखाली वाचला आणि अहवाल पाठवला. तो अहवाल ऑफिसात पोहोचला की नाही, यावरच पुढचे दिवस गेले. साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये. साहेब दौऱ्यावर. साहेबांची बदली. नवीन साहेबांना फाईल समजून घ्यायचीय. माझी लेक देशाच्या संघातून खेळायला चाललीय हे मी प्रत्येक वेळी सांगत होतो, आणि समोरून यायचं, "खेळाचंच आहे ना काका, मग कशाला घाई?" हे वाक्य आठवलं की आजही अंगाची लाही होते. ज्या कामासाठी पोरीने दहावीनंतरच्या सगळ्या सुट्ट्या पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर काढल्या, त्याला 'खेळाचंच' म्हणायचं.

शेवटी संघ निघायची वेळ आली तेव्हा साध्या कागदावर टाइप केलेलं एक पत्र हातात दिलं: "सदर नंबर टंकलेखनाच्या चुकीमुळे वेगळा नोंदला गेला आहे." खाली सही होती, पण जावक क्रमांक नाही, तारीख नाही आणि गोल शिक्काही नाही. जावक क्रमांक मागितला तर म्हणे रजिस्टर बंद झालंय, हे दाखवा, चालतंय.

मुंबई विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने लायसन्स, संघाची शस्त्रयादी आणि रायफल अशा तिन्ही गोष्टी समोर ठेवून अक्षर अक्षर वाचलं. त्या माणसाचं काही चुकलं नाही, हे मी आजही म्हणतो. कागदावर एक शस्त्र आणि पेटीत दुसरं, असं दिसत असताना तो ते देशाबाहेर कसं जाऊ देणार? बिनतारखेचं पत्र त्याने बाजूला ठेवलं. रायफल मुंबईत अधिकृत शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागली आणि लेक रायफलीविना विमानात बसली.

तिथे संघातल्याच एका मुलीने, दोघींच्या डीटेल (खेळायच्या पाळ्या) वेगळ्या होत्या म्हणून, आपली रायफल दिली. त्या मुलीचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण थ्री पोझिशन म्हणजे काय ते तुम्ही जाणता. निलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पालथं पडून), स्टँडिंग (उभं राहून), प्रत्येक पोझिशनला बट प्लेट (खांद्याला टेकते ती) वेगळी, चीक पीस (गाल टेकतो तो) वेगळा, हँड स्टॉप (पुढचा हात अडतो तो) वेगळा, त्यात ट्रिगरचा अंदाज परका. प्रत्येक बॅरलला (नळीला) गोळ्यांचा वेगळा लॉट मानवतो, म्हणून तिने स्वतःच्या बॅरलवर टेस्ट करून घेतलेल्या गोळ्यांचाही उपयोग नव्हता. प्रोनमध्ये तिने कसंबसं सांभाळलं, स्टँडिंगमध्ये सुटत गेलं. टीमचा स्कोअर तिघींचा मिळून लागतो. बाकी दोघी उत्तम खेळल्या आणि तिघींचं पदक हुकलं. रात्री फोनवर ती स्वतःबद्दल एक शब्द बोलली नाही. "बाबा, माझ्यामुळे त्या दोघींचं गेलं," एवढंच म्हणत राहिली. तिच्यामुळे गेलं नव्हतं. एका टेबलावरच्या आळसामुळे गेलं होतं, आणि त्या टेबलाला आजही त्याची खबर नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, "चालतंय" हा शब्द ऐकून घरी परत येऊ नका. तुमच्याकडे अजून वेळ आहे असं पोस्टवरून वाटतं.

काय करायचं, तर अर्ज थेट टेबलावर न देता आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घ्या. त्या टेबलावरच थांबू नका. जिल्ह्यात शस्त्र परवान्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं, म्हणून निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांची वेळ घेऊन भेटा. (छत्रपती संभाजीनगर शहरात राहणाऱ्यांसाठी हे पोलीस आयुक्तालयाकडे येतं.) जाताना निवडीचं पत्र न्या आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं शिफारसपत्रही घ्या. क्रीडा अधिकाऱ्यांनी स्वतः फोन केला तर फाईल हलते, हे मी नंतर दुसऱ्या एका मुलाच्या वेळी डोळ्यांनी पाहिलं. मागणी एकच ठेवा: डेटाबेसमध्ये दुरुस्ती आणि दुरुस्त लायसन्सची नवी प्रत. ते खरंच वेळेत होणार नसेल तरच पत्र घ्या, आणि त्यावर जावक क्रमांक, तारीख, अधिकाऱ्याचं नाव-पदनाम, गोल शिक्का, जुना चुकीचा नंबर आणि बरोबर नंबर दोन्ही हवेत. इंग्रजीतलं पत्रही मागा, जर्मनीत मराठी कोण वाचणार?

माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा असं कुणीतरी सुचवेल. टाका, पण त्याला ३० दिवसांची मुदत असते, संघाचं विमान त्याच्यासाठी थांबत नाही.

दुसरीकडे आजच एनआरएआयला (राष्ट्रीय रायफल संघटनेला) आणि संघाच्या मॅनेजरला मेल करून कळवा. आयोजक देशाला शस्त्रांची जी यादी जाते, तीत मेक, कॅलिबर आणि सीरियल नंबर असतो आणि तिकडची परवानगी त्यावरूनच निघते. यादीत जाणारा नंबर रिसीव्हरवर कोरलेलाच असला पाहिजे. मुलीला स्वतः रायफल हातात घेऊन, मॅनेजरशी फोनवर एकेक अक्षर बोलायला लावा. शून्य आणि 'ओ', आठ आणि 'बी', एक आणि 'आय', घोळ इथेच होतात. बॅरलवर वेगळा नंबर असेल तर तोही विचारून घ्या.

दहा मीटर एअर रायफलवाल्यांनी हे वाचून निर्धास्त होऊ नये. ४.५ मिमीची आणि २० जूलपर्यंतच्या शक्तीची एअर रायफल लायसन्समधून सुटते, बरोबर. पण परदेशी नेताना यादीत तिचाही नंबर जातो, आणि जाताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेतलं नाही तर परत येताना ती नवी आणली असं समजून ड्युटीचा वाद होऊ शकतो. तो कागद तुमच्या मुलीनेही घ्यायचा आहे, दादा. त्यासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा बरंच लवकर पोहोचा. आपल्याकडची मंडळी देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने सकाळी उतरून थेट विमानतळ गाठायचा बेत करतात. गाडी लेट झाली की सगळं कोसळतं. आदल्या दिवशीच मुंबईत जा.

आता तुम्ही विचारलेलं. पेटी कडक हवी, दोन कुलुपांची, आतला फोम रायफलच्या मापाने कापलेला. ब्रँडवर फार पैसे घालू नका. जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लोव्ह हे माझ्या मते हातातल्या बॅगेत, कारण सामान दुसऱ्या विमानाने आलं तर रायफल उसनी मिळेल, जॅकेट मिळणार नाही. पण बोल्ट (गोळी भरायचा खटका) किंवा साइट (नेम धरायचं साधन) हातातल्या बॅगेत ठेवायचा मोह करू नका, शस्त्राचा भाग म्हणून सिक्युरिटीला अडतं. काडतुसं चेक-इनमध्ये, वेगळ्या बंद डब्यात, पॅकिंग धरून माणशी ५ किलोच्या आत, आणि एअरलाइनची मंजुरी आधी लेखी. विमान दुबई किंवा दोहामार्गे असेल तर तिथल्या ट्रान्झिटची शस्त्रपरवानगी लागते का, ते मॅनेजरकडून कळून घ्या.

जॅकेटचं अजून एक. आपल्याकडच्या उन्हात मऊ वाटणारं जॅकेट तिकडच्या थंडीत ताठ होतं. ताठपणा मोजायच्या टेस्टरवर कापड किमान ३.० मिमी दबलं पाहिजे आणि एकेरी जाडी २.५ मिमीच्या आत हवी. पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेतल्या साहित्य तपासणीला) दाखवा, स्पर्धेनंतर कधीही पुन्हा तपासतात.

आणि तिच्या डायरीत तिन्ही पोझिशनची सगळी मापं लिहून ठेवायला सांगा: बट प्लेटची उंची, लांबी, चीक पीस, हँड स्टॉपचा आकडा. उसन्या रायफलीवर आमची लेक जे काही खेळली ते या मापांवर खेळली.

निवडणुका लागल्या तर अजून एक भानगड येते. आचारसंहितेत पोलीस स्टेशनमधून "हत्यार जमा करा" असा फोन येतो. राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या, स्पर्धा खेळणाऱ्या खेळाडूंना सहसा यातून सूट असते, पण ती सूट फोन करणाऱ्याला माहीत असेलच असं नाही. सदस्यत्वाचं कार्ड आणि स्पर्धेचं पत्र घेऊन स्वतः जा, लेखी अर्ज द्या, त्याचीही पोहोच घ्या. त्या दिवसांत लायसन्सची टेबलं निवडणुकीच्या ड्युटीवर असतात, हेही धरून चाला.

मी वकील नाही, अधिकारी नाही, शिक्षक म्हणून निवृत्त झालेला बाप आहे. आमच्या वेळचा अनुभव आहे, नियमात बदल होत राहतात, म्हणून संघटनेकडून आणि कस्टमकडून खात्री करूनच पाऊल टाका. ऑफिसातली सगळीच माणसं तशी नसतात. पण आपल्या भागातून एखादी मुलगी भारताचं जॅकेट घालते तेव्हा तिचा कागद चालत तिच्या घरी आला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळेंनी २०२४ ला पॅरिसमध्ये याच थ्री पोझिशनचं ब्रॉंझ आणलं. कोल्हापूरकडे शूटिंग म्हटलं की ऑफिसातल्या माणसाला दोन नावं तरी ठाऊक असतात. आपल्याकडे अजून प्रत्येक टेबलावर पहिल्यापासून समजावत बसावं लागतं. तुमची मुलगी ते बदलू शकते, म्हणून एवढं लिहिलं.

एक काम आत्ता करा. पोस्टमध्ये लायसन्सचा जो फोटो टाकलाय, त्यात यूआयएन, पत्ता, रायफलचा नंबर सगळं वाचता येतंय. तो फोटो काढून टाका. आणि संघ कोणत्या तारखेला निघतोय, शस्त्रयादी गेलीय की जायचीय, एवढं मला मेसेजमध्ये कळवा. अर्जाचा आणि इंग्रजी पत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, आज संध्याकाळपर्यंत पाठवतो, म्हणजे सोमवारी ऑफिस उघडताच तुम्ही आवकला उभे असाल.