‘तुम्हाला काय, तुमचे घारेच आहेत!’

‘मॅडम, लेझरनं डोळ्यांचा रंग खरंच बदलतो का हो?’ मी समुपदेशक, डोळ्यांची डॉक्टर नव्हे, तरी गेल्या दोन-अडीच वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्यानं मोबाईल काढला की ओळखते. आता तपकिरी बुबुळ निळं होतानाचा व्हिडिओ दाखवणार. विचारणारे बहुतेक विशी-पंचविशीतले. मुलगेही असतात, फक्त ते ‘मित्रासाठी विचारतोय’ म्हणतात. म्हणून त्यातल्या एकीबद्दल लिहिते. तिची परवानगी घेतलीय, नाव-तपशील बदललेत. स्वप्ना म्हणू.

स्वप्ना सांगलीकडची, पुण्यात एका बँकेत नोकरीला. भर पावसाळ्यात गॉगल लावून आली. काढला तर डोळे लालबुंद. पर्समधून तिनं दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एक ऑनलाइन मागवलेली, ‘रंग उजळवणाऱ्या’ थेंबांची. तिच्यावर ना कशापासून बनवलंय त्याची यादी, ना बनवणाऱ्याचा पत्ता, नुसता एक हिरवा डोळा छापलेला. त्या थेंबांनी लाली आली, म्हणून मेडिकलवाल्यानं दुसरी बाटली दिली. ती घातली की तासाभरात डोळे पांढरे व्हायचे, म्हणून दोन्ही बाटल्या महिनाभर जोडीनं चालल्या होत्या. त्याआधी मध आणि कोमट पाणी घालून झालं होतं.

त्या दिवशी मी समुपदेशन केलंच नाही. फोन उचलला, ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली आणि तिला त्याच रिक्षानं पुढं पाठवलं. डोळा दुखत असताना मनाचं बोलत बसणं मला पटत नाही. बरं झालं पाठवलं. दुसऱ्या बाटलीत स्टेरॉइड होतं. डोळ्यातला दाब साधारण 10 ते 21 असावा, तिचा 28 भरला. स्टेरॉइडचे थेंब देखरेखीशिवाय घालत राहिलं तर काहींचा दाब असा चढतो, आणि चढलेला दुखत नाही, म्हणून कळतही नाही. दाब तसाच राहिला तर काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. स्वप्नाचं लवकर सापडलं. थेंब बंद केल्यावर काही आठवड्यांत दाब उतरला.

डॉक्टरांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी आता सगळ्यांना सांगते. काचबिंदूच्या काही औषधांनी बुबुळाचा रंग खरंच बदलतो, पण तो गडद होतो. फिकट करणारा सुरक्षित थेंब कुणाकडेच नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकॅडमीनं 2024 मध्ये अशा थेंबांपासून लोकांना सावध केलं. त्याच वर्षी बुबुळावर रंगीत चकती बसवणं आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात रंग भरणं, या दोन्ही शस्त्रक्रियांच्या धोक्यांबद्दलही इशारा दिला.

राहिलं लेझर. निळ्या डोळ्यात निळा रंग नसतोच. आभाळ जसं प्रकाश विखुरल्यानं निळं दिसतं, तसंच ते. तपकिरी डोळ्यात बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन जास्त असतं. लेझर ते फोडतं. फुटलेले कण डोळ्यातल्या पाण्यात येतात. हे पाणी जिथून निचरा होऊन जातं ती बारीक जाळी कणांनी तुंबली तर दाब वाढतो. मोरीच्या जाळीत केस अडकल्यावर काय होतं ते घरात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. शिवाय आत जळजळ होऊ शकते, उजेड सहन होईनासा होऊ शकतो, आणि गेलेला रंग परत भरता येत नाही. कॅलिफोर्नियातली एक कंपनी दशकाहून जास्त काळ या लेझरबद्दल बोलतेय, पण नुसत्या हौसेसाठी रंग बदलायला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा लेझरला मान्यता दिलेली नाही.

हे सगळं स्वप्नाला कळलं. आणि काहीही बदललं नाही. ‘दहा वर्षांनी सेफ होईल तेव्हा करीन,’ म्हणाली. माहितीनं भीती वाढते, ओढ कमी होत नाही. भीती दाखवून परत पाठवलेला माणूस दुसरी बाटली शोधतो. इतकी वर्षं हे काम केल्यावर एवढं तरी मी छातीठोकपणे सांगू शकते.

तिच्या घरी थोरली बहीण घारी. ‘आजोबांचे डोळे घेतले पोरीनं,’ हे वाक्य स्वप्नानं प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत ऐकलेलं. मग कुणीतरी तिच्याकडं वळून म्हणायचं, ‘ही आमची धाकटी.’ एवढंच.

मी समजावायला गेले आणि इथं माझी चूक झाली. म्हटलं, ‘अगं, काळेभोर डोळे किती सुंदर...’

‘तुम्हाला काय बोलायला! तुमचे घारेच आहेत!’

खरं होतं. आहेत. मग मी तिला शाळेतलं सांगितलं. मला ‘मांजरी’ म्हणायचे. घारी माणसं लबाड असतात हे ऐकून मी मोठी झाले. चौथीत एकदा पेन्सिल हरवली तर आधी माझं दप्तर उलटं केलं. मला वाटलं, हे ऐकून ती हसेल.

ती म्हणाली, ‘पण बघायचे तरी.’

मी वहीत फक्त तेवढंच लिहिलं. बघायचे तरी. पेन खाली ठेवलं. बाहेर पाऊस होता, खिडकीचं दार वाजत होतं, आम्ही दोघीही उठलो नाही. बऱ्याच वेळानं विचारलं, ‘कुणी बघायचं राहिलं, स्वप्ना?’

ती रडली नाही. बोटावर मोजायला लागली. आजोबा. बाबा थोडेसे. कॉलेजातला एक मुलगा, त्याचं नाव आज पहिल्यांदाच निघालं. मग थांबून म्हणाली, ‘आजोबा ताईला घारू म्हणायचे. मला स्वप्नाच म्हणायचे.’

महिनाभर आम्ही डोळ्यांवर बोलत होतो आणि विषय डोळ्यांचा नव्हताच. ज्यांच्या विचारांवर मी वाढले ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस सांगायचे, माणूस ‘हवं’चं ‘हवंच’ करतो आणि तिथं त्याची फरफट सुरू होते. कुणी आपल्याकडं बघावं हे स्वप्नाला हवं होतं, यात गैर काहीच नाही. पण बघितलंच पाहिजे, नाहीतर मी कुणी नाही, हे तिनं कधीतरी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. आणि तो ‘च’ मिटवायला ती डोळ्यात काहीही घालायला तयार होती.

मग मी तिला एक काम दिलं. अवघड होतं. शाखेतल्या पाच जणांना डोळे मिटायला लावून विचारायचं, ‘माझे डोळे कुठल्या रंगाचे आहेत?’ लाज वाटेल, तरी विचारायचं.

पुढच्या वेळी आली ती दार ढकलतच बोलत होती. शेजारच्या काउंटरवरचा, दीड वर्ष रोज समोर बसणारा, म्हणाला, ‘काळे असतील ना?’ एकीनं ‘चष्मा लावतेस ना तू?’ असं उलट विचारलं. स्वप्ना चष्मा लावत नाही. कॅशियर काका म्हणाले, ‘रंग काय माहीत नाही बुवा, पण तू आलीस की गर्दी लवकर सरकते.’ हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा हसत.

पालकांना एक सांगावंसं वाटतं. दोन भावंडं समोर असताना एकाच्याच रूपाबद्दल बोलू नका. गोरीघारीचं कौतुक करणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही गप्प करू शकत नाही, पण त्याच वेळी दुसरीचं नाव घेऊन काहीतरी खरं बोलू शकता. खरंच असावं, मुलांना खोटं लगेच कळतं. आणि मुलगा-मुलगी आरशासमोर तासन्‌तास घालवू लागली, रंगीत लेन्स लपवून ठेवू लागली, तर ओरडण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडं न्या. लेन्स हौसेच्या असल्या तरी डोळा तपासूनच घ्याव्यात, मैत्रिणीच्या लावू नयेत, नळाच्या पाण्यानं धुऊ नयेत, लावून झोपू नये. डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसू लागलं तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर. घरात उरलेले थेंब घालायचे नाहीत. दुकानातून तोंडी मागूनही आणायचे नाहीत.

नेत्रतज्ज्ञांकडं नेल्यावरही मूल रोज त्याच विषयाशी अडखळत असेल, बाहेर जाणं टाळत असेल, तर आमच्यासारख्यांकडं या. आणि पहिल्या भेटीत ‘असं काही नसतं’ म्हणून विषय मिटवणारा समुपदेशक भेटला तर दुसरा शोधा.

स्वप्ना नऊ वेळा आली. दिवाळीनंतर चुलतबहिणीचं लग्न होतं, त्यात तिनं डॉक्टरांकडून मोजून घेतलेल्या मधाळ रंगाच्या लेन्स लावल्या आणि रात्री काढून ठेवल्या. मावशीनं ओळखलं नाही, म्हणून दोघी हसल्या. शेवटच्या दिवशी मी विचारलं, ‘लेझरचं पान अजून उघडं आहे का मोबाईलमध्ये?’

‘आहे. पण त्याच्यापुढं आता तीस-चाळीस पानं आलीत. शोधावं लागेल.’