पतसंस्थेत लिबरऑफिस आणताय? आधी जुने फॉन्ट शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. पतसंस्थेच्या चार शाखा, २६ संगणक. ऑडिटरने यंदा एमएस ऑफिसच्या लायसनची बिलं मागितली आणि ती कुणाकडेच नाहीत. जर्मनीतलं एक अख्खं राज्य लिबरऑफिसवर, म्हणजे एमएस ऑफिसच्या जागी चालणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर, गेल्याची बातमी तुम्ही वाचलीत. एक संचालक म्हणतात, फुकट ते पौष्टिक, उद्याच टाका. दुसरे म्हणतात, म्युनिक शहराने हे करून पाहिलं आणि तोंड पोळून परत आलं. व्यवस्थापक म्हणून तुम्ही दोघांच्या मधे.

माझं मत विचाराल तर जरूर जा. पण ३० सप्टेंबरच्या आतली वार्षिक सभा उरकल्यावर, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी टाका. ते का, हे सांगायलाच एवढं लांबण लावतोय.

मी नाशिकला चौदा-पंधरा वर्षं छोट्या कार्यालयांच्या संगणकांची कामं करतो. पाच कार्यालयं लिबरऑफिसवर नेली. तीन टिकली, एक अर्ध्यावर लोंबकळतंय, आणि एक माझ्याच घाईमुळे पंधरा दिवसांत परत वर्डवर गेलं. त्या शेवटच्याची गोष्ट खाली येते, कारण ती संस्था अगदी तुमच्यासारखी होती.

आधी जर्मनी. ते राज्य म्हणजे श्लेस्विग-होल्स्टाइन, उत्तरेकडचं, राजधानी कील. तिथल्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२४मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिबरऑफिस आणायचं ठरवलं. ऑक्टोबर २०२५पर्यंत ४०,०००हून जास्त मेलबॉक्सही मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज-आउटलुकवरून ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या खुल्या मेल सॉफ्टवेअरवर नेले. कर्मचाऱ्यांनी कुरकुर केली नाही असं समजू नका, भरपूर केली. बातम्यांत बचत झालेल्या युरोंचे आकडे ठळक येतात, पण तिथलं सरकार पहिल्यापासून जो शब्द वापरतंय तो ‘डिजिटल सार्वभौमत्व’. साध्या भाषेत, आपल्या कपाटाची किल्ली आपल्या खिशात हवी.

हे युरोपातल्या लोकांचे चोचले वाटत असतील तर जुलै २०२५ आठवा. गुजरातेत वाडीनारला नायरा एनर्जीची रिफायनरी आहे, तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा जवळपास निम्मा वाटा. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लावले आणि पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवल्या. कंपनीचं म्हणणं, लायसनचे पैसे पूर्ण भरले होते. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, मग काही दिवसांनी सेवा सुरू झाल्या. आता तुमच्या पतसंस्थेवर ब्रुसेल्सहून कुणी निर्बंध लावणार नाही, हे मलाही कळतं. पण किल्ली दुसऱ्याकडे असणं म्हणजे काय, ते यातून नीट दिसतं.

आता म्युनिक. दुसऱ्या संचालकांना सांगा की तोंड पोळलेला माणूस दहा वर्षं घास तोंडात धरत नाही. नगर परिषदेने २००३मध्ये निर्णय घेतला. त्याआधी मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटून गेले होते, तरी निर्णय फिरला नाही. २०१३पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर, आले. २०१४मध्ये महापौर बदलले आणि २०१७मध्ये परत विंडोजवर जायचा ठराव झाला. त्यात राजकारण किती आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी किती, यावर आजही दोन तट आहेत. माझ्यासारख्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्या सगळ्या वर्षांतला मोठा वेळ गेला तो प्रत्येक खात्याचे वेगवेगळे फॉर्म, पत्रांचे नमुने आणि मॅक्रो (फाइलीत बसवलेले छोटे आपोआप चालणारे प्रोग्राम) गोळा करून एका वळणावर आणण्यात. त्यासाठी त्यांनी ‘वोलमुक्स’ नावाचं स्वतःचं साधनच बनवलं. सॉफ्टवेअर टाकायला दर संगणकामागे वीस मिनिटं लागतात. घोडं पेंड खातं ते फाइलींपाशी.

आणि आपल्याकडचं एक गुपित, जे सगळ्यांना ठाऊक आहे. जर्मनीत लायसनचं बिल खरंच येतं, म्हणून बचत खरी. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या कार्यालयांत ऑफिस कधी विकत घेतलेलंच नसतं. संगणक देणारा ‘सगळं टाकून देतो साहेब’ म्हणतो, पेनड्राइव्हवरून ॲक्टिव्हेटर (लायसनशिवाय ऑफिस चालू करणारा चोरटा प्रोग्राम) चालवतो आणि जाताना सांगतो, अँटिव्हायरस तेवढा बंद ठेवा. ठेवीदारांचे केवायसी कागद ज्या संगणकावर आहेत, त्याच्यावर! म्हणून संचालक मंडळापुढे ‘एवढे लाख वाचतील’ असं मांडू नका. शून्यातून काय वाचणार, असं कुणीतरी म्हणेलच. ऑडिटरचा शेरा मांडा, आणि ऑफिस २०१६ व २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेही मांडा.

आता माझी फजिती. एका पतसंस्थेत शनिवार-रविवार बसून मी बारा संगणकांवरचं सगळं पुसून लिनक्स आणि लिबरऑफिस टाकलं. स्वतःवर खूश होतो. सोमवारी सव्वादहाला वसुली विभागातल्या मॅडमनी सहकार कायद्याच्या कलम १०१च्या वसुली नोटिशीचा नमुना उघडला. पडद्यावर रोमन अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेले स्वर, मधेच पौंडाचं चिन्ह. कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, कर्जखाते क्रमांक, सगळं त्या भेळेत गेलेलं.

कारण साधं होतं. तो नमुना २००४-०५च्या सुमाराला युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. त्या फॉन्टांत साठवली जातात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. म्हणजे फाइलमध्ये मराठी कधी नव्हतंच. मराठीचं सोंग होतं, आणि सोंग वठवणारा फॉन्ट मी शनिवारी पुसला होता. नव्या संगणकावर वर्डमध्येही हेच झालं असतं. पण साडेदहापर्यंत अख्ख्या कार्यालयाचा निकाल लागला होता: लिबरऑफिसला मराठी येत नाही.

फॉन्ट शोधून परत टाकला, तर दुसरं संकट. नोटिसा मेल-मर्जने निघत, म्हणजे यादीतली नावं-रकमा एकेका पत्रात आपोआप भरल्या जात. वर्डची फाइल एक्सेलच्या थकबाकी यादीला जोडलेली, ती जोडणी तुटली. लिबरऑफिसमध्ये यादी आधी डेटा सोर्स म्हणून नोंदवावी लागते, मग रकाने ओढून मजकुरात टाकायचे. मला येतं, मॅडमना कोण सांगणार? सांगायला हवं होतं मीच, शुक्रवारी. नोटिसा त्याच दिवशी रजिस्टर एडीने जायच्या होत्या आणि पोस्टाचं काउंटर कुणासाठी थांबत नाही.

तिसरी गोष्ट बारीक, पण तिनेच माणसं सर्वांत जास्त वैतागतात. मॅडम म्हणाल्या, “सर, बारा होतं ते चौदा केलं, तरी अक्षर वाढतच नाही.” स्टाइलमधला आकार त्यांनी बदलला होता, पण लिबरऑफिस एकाच परिच्छेदासाठी दोन फॉन्ट आणि दोन आकार लक्षात ठेवतं, एक इंग्रजीसारख्या लिप्यांचा आणि एक देवनागरीसारख्या लिप्यांचा. दुसऱ्याला ते ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ म्हणतं, मेनूत सीटीएल. मॅडमनी पहिला वाढवला, मराठी जिथल्या तिथे. ही खोच कुणी न सांगता सापडणं कठीण. पंधरा दिवसांनी अध्यक्षांनी मला चहा पाजला आणि वर्ड परत टाकायला सांगितलं. माझी तक्रार नाही.

म्हणून तुम्ही पहिला महिना काहीच इन्स्टॉल करू नका. चारही शाखांतल्या, खरोखर वापरात असलेल्या नमुन्यांची यादी करा: नोटिसा, मंजुरीपत्र, सभेची सूचना, इतिवृत्त, वसुलीचे तक्ते. फाइली हजारो असतात, पण रोजच्या वापरातले नमुने माझ्या अनुभवात पंचवीस-तीसच्या वर जात नाहीत. प्रत्येक उघडून मराठी मजकूर निवडा आणि फॉन्टचं नाव बघा. मंगल, निर्मला, कोकिळा, अपराजिता, उत्साह असलं काही असेल तर ते युनिकोड आहे, सोडून द्या. श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबीने सुरू होणारं नाव दिसलं तर ती फाइल कन्व्हर्टरमधून काढायची. कन्व्हर्टर पहिली वेलांटी आणि रफार इकडचे तिकडे करतो, कारण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप व्हायचा. शिवाय आकडे कधी मराठी होतात, कधी इंग्रजीच राहतात. म्हणून एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने जुन्या छापील प्रतीवर बोट ठेवायचं. नोटिशीत ‘कर्जदार’चा रफार उडाला तर लोक हसतील, रक्कम चुकली तर वकील हसेल.

टाइप करणाऱ्यांच्या बोटांनाही हात लावू नका. मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली माणसं रेमिंग्टन या टाइपरायटरच्या काळातल्या मांडणीवर झोपेतही टाइप करतात. ती मांडणी युनिकोडमध्येही मिळते. इनस्क्रिप्ट ही दुसरी मांडणी चांगली आहे हो, पण एका वेळी एकच दुखणं द्यावं.

हे झालं की मग लिबरऑफिस, आणि तेही विंडोजवरच. लिनक्सचा मोह आवरा, मी आवरला नव्हता. टूल्स-ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि तिथे मराठी निवडा. मग रायटरखाली (लिबरऑफिसमधलं वर्ड) ‘बेसिक फॉन्ट्स सीटीएल’ दिसेल, त्यात सगळ्या २६ संगणकांवर एकच फॉन्ट ठेवा. मी मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी केलेला ‘मुक्त’ (Mukta) हा फॉन्ट ठेवतो, मोफत आहे आणि प्रिंट स्वच्छ येते. लोकेल (देश-भाषेची सेटिंग) ‘इंग्लिश इंडिया’ ठेवलंत की कॅल्कमध्ये (लिबरऑफिसमधलं एक्सेल) रकमेचे स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे पडतात. हिशेबाच्या टेबलावरची माणसं या एका गोष्टीवर खूश होतात, मी प्रत्येक ठिकाणी पाहिलंय. व्ह्यू-यूजर इंटरफेसमधून ‘टॅब्ड’ निवडलं तर वर्डसारखी पट्टी येते. एमएस-सीआयटी करून आलेल्या पिढीला बटणं नावाने नाही, जागेने पाठ असतात, त्यामुळे हे पहिल्याच दिवशी करा. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतायत, तिथे हा प्रश्न येतच नसेल. आपल्याकडे येतो.

लेखा विभागात एक-दोन संगणकांवर रीतसर विकत घेतलेलं एमएस ऑफिस राहू द्या. आयकर आणि जीएसटीच्या काही एक्सेल युटिलिटी मॅक्रोंवर चालतात आणि त्या कॅल्कमध्ये चालवायचा हट्ट म्हणजे विकतचं दुखणं. त्यात कमीपणा काही नाही.

फाइल कुठल्या रूपात ठेवायची, यावर तीन टिकलेल्या कार्यालयांत मी एकच नियम लावला. घरातलं ओडीटीत (रायटरचं स्वतःचं रूप), बाहेर जाणारं पीडीएफमध्ये. वर्डचं डॉकएक्स फक्त तेव्हा, जेव्हा समोरचा त्यात खरोखर बदल करणार असेल. एकच फाइल आज वर्डमध्ये, उद्या रायटरमध्ये अशी फिरवली की तक्त्यांच्या रेषा सरकतात आणि मग दोघंही एकमेकांच्या सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. ओडीटी ज्या कुटुंबातलं आहे ते ओडीएफ २००६पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाण आहे, ब्रिटन सरकारने २०१४मध्ये बदल करण्याजोग्या कागदपत्रांसाठी तेच निवडलं. त्यामुळे ‘उद्या हे उघडेल का’ या शंकेला संचालकांसमोर उत्तर आहे.

दोन गैरसमज जाता जाता. कुणीतरी तुम्हाला झोहो कंपनीचं ऑफिस सॉफ्टवेअर सुचवेल, कारण २०२५मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी आणि शिक्षण मंत्रालयाने ते उचलून धरलं. झोहो भारतीय आहे, ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) नाही. चांगलं असेलही, पण किल्ली परत दुसऱ्याच्याच खिशात, फक्त खिसा आपल्या देशातला. आणि इंटरनेटवर ‘ओपनऑफिस’ दिसलं तर ते उतरवू नका. २०१०मध्ये त्यातली बरीच मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी लिबरऑफिस सुरू केलं. खरी हालचाल तेव्हापासून इकडेच आहे. ओपनऑफिसमधून डॉकएक्समध्ये सेव्हसुद्धा होत नाही.

तुमच्या नोटिशीच्या नमुन्यात फॉन्टचं नाव काय दिसतं, ते इथे लिहा, स्पेलिंगसकट जसंच्या तसं. त्यावरून कुठला कन्व्हर्टर लागेल ते सांगतो. फाइल मात्र इथे चढवू नका, त्यात कर्जदारांची नावं आहेत.