ओट्यावरचा पॉइंट हलवताना

ओट्याची मांडणी बदलल्यामुळे मिक्सर-इंडक्शनचा पॉइंट फ्रीजच्या मागे गेला. तो चार फूट सरकवायचा आहे. जुन्या वायरला जोड देऊन, टेप मारून वर प्लास्टर करू, असं इलेक्ट्रिशियन म्हणतो. चालेल का?

अजिबात नको. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर करंट खेचते. जोड थोडा जरी सैल पडला, तरी तो तापतो आणि टेप हळूहळू जळत जाते. करंट मात्र मर्यादेतच असतो, त्यामुळे एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही. भिंतीआड काय चाललंय हे तुम्हाला वास आल्यावरच कळतं. म्हणून जोड कधीही प्लास्टरखाली गाडू नका.

उत्तम मार्ग म्हणजे एमसीबी बोर्डापासून नव्या जागेपर्यंत तांब्याची 2.5 चौरस मिलिमीटरची सलग वायर आणि 16 अँपिअरचं सॉकेट. ते शक्य नसेल आणि जुनी वायरही तेवढीच जाड असेल, तर जुना बॉक्स भिंतीत तसाच ठेवा, जोड त्यात कनेक्टरने करून घ्या आणि वर ब्लँक प्लेट लावा. फ्रीज सरकवला की तो उघडून पाहता येतो. नवी जागा निवडताना सिंक आणि शेगडी, दोन्हींपासून लांब राहा.

वायरसाठी भिंतीत पाडायची झिरी (खाच) तिरकी पाडली तर अंतर वाचेल ना?

वायर वाचेल, पण पुढे धोका राहील. उद्या कोणी वॉटर प्युरिफायर टांगायला ड्रिल लावेल, तेव्हा तो अंदाज बांधतो तो बोर्डाच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत. तिरक्या वायरची त्याला कल्पनाच नसते. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरीही नको, भिंत कमकुवत होते. वरून पाइप आणून सरळ खाली उतरवा. कॉलम आणि बीमला कटर लावूच देऊ नका. वायर पाइपातूनच गेली पाहिजे, नुसती प्लास्टरमध्ये दाबलेली नव्हे. प्लास्टरआधी भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा. ही दोन मिनिटं कृपा करून टाळू नका.

भाड्याचं घर आहे, भिंत फोडता येत नाही.

भिंतीवरून वायर झाकून नेणारी पीव्हीसी केसिंग पट्टी वापरा. ती शेगडीच्या वरून किंवा अगदी शेजारून नेऊ नका. वायरची जाडी आणि अर्थिंग यांत तडजोड नको.

जुन्या इमारतीत अर्थिंगची वायरच नाही. तीन पिनच्या सॉकेटमध्ये अर्थिंग न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला, जोडून देतो, असं इलेक्ट्रिशियनने सांगितलं.

हे जीवघेणं आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की फेज, म्हणजे आत येणारा करंट, उपकरणातून फिरून त्या जोडणीमार्गे मायक्रोवेव्हच्या पत्र्यावर येतो. ओल्या हातांनी दार उघडणाऱ्याला शॉक बसतो. शिवाय टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये लावला तरी पेटतो, म्हणजे सगळं ठीक वाटतं. ही चूक सॉकेट उघडून पाहिलं की सापडते.

सोसायटीच्या अर्थिंगपासून हिरवी वायर ओढून घ्या. बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. अर्थिंग होईपर्यंतही तो शरीरातून जमिनीत जाणारा करंट ओळखून पुरवठा तोडतो. मात्र तो अर्थिंगची जागा घेत नाही. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि त्याच्यासमोर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहा. लगेच पडला नाही, तर तो बदलल्याशिवाय बिल चुकतं करू नका.