‘सर, हे कशावरून?’ : वाचकांचे प्रश्न, इतिहासाच्या मास्तरांची उत्तरं

(सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवणारे आणि शाळेबाहेरही नेमाने इतिहासावर लिहिणारे एक शिक्षक या सदरात वाचकांशी बोलतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक.)

प्रश्न : सर, दिवसभर शाळेत इतिहास शिकवून परत घरी आल्यावर इतिहासावरच लिहीत बसता, कंटाळा येत नाही का? आणि शिकवण्यात आणि लिहिण्यात असा काय फरक पडतो?
– एक डीएडची विद्यार्थिनी, बार्शी

कंटाळा पेपर तपासायचा येतो, लिहायचा नाही. आता फरक सांगतो. वर्गात तास असतो अर्ध्या-पाऊण तासाचा, त्यातली काही मिनिटं हजेरीत आणि "सर याने माझं पेन घेतलं" यात जातात, उरलेल्यात पोर्शन ओढायचा असतो, आणि दहावीला इतिहास-राज्यशास्त्र मिळून लेखी पेपर ४० मार्कांचा, त्यामुळे पोरं प्रश्न विचारतात पण एकच, "सर, हे येणार का?" त्यांचा दोष नाही, आपणच तशी सवय लावलीय. गंमत म्हणजे दहावीच्या आत्ताच्या पुस्तकाची सुरुवातच मुळी इतिहास लिहितात कसा या धड्यांनी होते, पाश्चात्त्य परंपरा, भारतीय परंपरा वगैरे, आणि पोरांना सगळ्यात रटाळ वाटतात ते हेच धडे, कारण आम्ही ते व्याख्या पाठ करून घेण्यासारखे शिकवतो.

बाहेर लिहायला लागलं की वाचणाऱ्याला मार्क नको असतात. त्याला पटलं नाही तर तो सरळ विचारतो, हे कशावरून? अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९, ही ओळ फळ्यावर लिहायला काही लागत नाही, खडू लागतो. पण तीच ओळ कागदावर लिहायची म्हटली की बघावं लागतं ही तारीख कुठल्या साधनात आहे, ते कधी लिहिलं, लिहिणारा त्या काळात होता का, असला तर कुणाच्या पदरी होता. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली १६९७ मध्ये, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, म्हणजे शिवाजी महाराज जाऊन १७ वर्षं झाली होती पण माणूस स्वतः त्या काळातला. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यानंतर शंभरावर वर्षांनी आली. वर्गात आम्ही दोन्हींमधल्या गोष्टी एकाच दमात सांगून टाकतो, जणू दोघेही प्रतापगडाच्या पायथ्याशी उभे राहून बघत होते. लिहिताना तसं करता येत नाही, आणि एकदा ती सवय गेली की वर्गातही आपोआप तोंडातून निघतं, "सभासद असं सांगतो", "हे फार नंतरचं आहे". माझ्या शिकवण्यात फरक पडला असेल तर तो एवढाच, पण तो मला मोठा वाटतो.

आणि मास्तर लोकांनी लिहिणं आपल्याकडे काही नवं नाही हो. गो. स. सरदेसाई बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या मुलांना शिकवायचे, तिथे शिकवायला काढलेल्या टिपणांतून ‘रियासत’ या त्यांच्या इतिहासग्रंथमालेचं काम सुरू झालं आणि माणूस जन्मभरासाठी रियासतकार होऊन गेला. पुढे पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत त्यांनीच संपादित केले. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे तर शाळेत संस्कृत शिकवायचे, इतिहास हा त्यांचा विषयही नव्हता, पण पटवर्धन सरदारांच्या जुन्या कागदांच्या दफ्तरात शिरले ते शिरलेच. तेव्हा तुम्ही डीएड करताय तर आत्तापासूनच एक वही घाला. रोज शिकवलेल्या धड्यातली एक गोष्ट घ्यायची आणि तिच्यापुढे "कशावरून?" लिहायचं. बऱ्याच दिवशी पुढची जागा कोरी राहील, राहू द्या.

प्रश्न : शिवराज्याभिषेक ६ जूनला की तिथीने? आमच्या सोसायटीत दोन गट पडलेत आणि दोघेही तुमचं नाव सांगतात.
– सोसायटीचे सेक्रेटरी, डोंबिवली

माझं नाव कृपया दोन्ही गटांनी काढून टाकावं! दिवस एकच आहे, मोजायच्या पद्धती वेगळ्या. राज्याभिषेक झाला शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. त्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाच्या बोलणीसाठी रायगडावर आला होता आणि त्याच्या हिशेबाने तो दिवस ६ जून १६७४. आता इथे एक गोम आहे जी दोन्ही गटांना आवडणार नाही. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, त्यांनी ते बदललं १७५२ मध्ये, आणि सतराव्या शतकात जुन्या-नव्यात दहा दिवसांचा फरक होता. म्हणजे आज आपल्या भिंतीवर जे कॅलेंडर आहे ते मागे नेलं तर तो दिवस येतो १६ जून. तसंच जन्माचं, १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा जुन्या पद्धतीची तारीख, नव्या पद्धतीने ती १ मार्च होते.

जन्मतिथीचा वाद मात्र वेगळा आहे, तो नुसता कॅलेंडरचा नाही, तिथे वर्षच वेगळं होतं. पूर्वी शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया धरत, म्हणजे १६२७. मग जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार घटनांची नोंद, उजेडात आली, ती लोकमान्य टिळकांनी छापली, तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया निघाली. शिवकालीन कवी परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही तीच तिथी, आणि जोधपूरकडे सापडलेली कुंडलीही तिलाच जुळली. एकमेकांशी संबंध नसलेली साधनं एकाच दिवसावर येऊन थांबतात तेव्हा इतिहासवाल्याला जरा बरं वाटतं. सरकारनेही पुढे १९ फेब्रुवारीच धरली.

सोसायटीपुरतं विचाराल तर रायगडावर तारखेनेही सोहळा होतो आणि तिथीनेही. तुम्हीही दोन्ही करा, वर्गणी मात्र एकदाच काढा.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद सापडलेत, कापडात बांधलेले. घरचे म्हणतात आपण सरदार घराण्यातले असणार. हे कागद वाचायचे कसे आणि तोवर ठेवायचे कसे?
– एक वाचक, नोकरीनिमित्त बंगळुरू, मूळ गाव कराड तालुका

आधी ठेवायचं सांगतो कारण वाचेपर्यंत ते टिकले पाहिजेत. लॅमिनेशन अजिबात करू नका, लोक प्रेमाने करतात आणि कागद कायमचा जातो. सेलोटेप नको, फाटलेलं डिंकाने चिकटवणं नको, स्टेपलर तर नकोच. घडी जबरदस्तीने उलगडू नका. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, वरून सरळ फोटो काढा, पाठकोऱ्या बाजूचासुद्धा, कारण खरी मजा बऱ्याचदा मागच्या बाजूला असते, कुणीतरी नंतर मारलेला शेरा किंवा पोचपावती. आणि कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात होता तो क्रम मोडू नका. ज्या कापडात बांधलेत त्याला रुमाल म्हणतात, पेशवे दफ्तरातही असेच रुमाल आहेत. कापड सुती आणि स्वच्छ असेल तर तेच राहू द्या, मळकं असेल तर धुतलेलं सुती फडकं घ्या.

सरदार घराण्याचं काय ते कागद सांगतील, पण मनाची तयारी ठेवा. घरोघरी निघणाऱ्या मोडी कागदांत मी बघितलेले बहुतेक कर्जरोखे, गहाणखतं, वाटणीपत्रं आणि भावाभावांची भांडणं असतात. मला विचाराल तर तलवारीच्या कागदापेक्षा गहाणखत जास्त बोलतं. कोणतं शेत, चतुःसीमा काय, व्याज किती, साक्षीला कोण, कोणी सही केली आणि कोणी नांगराची निशाणी काढली, अख्खा गाव त्यात उभा असतो.

वाचताना सगळ्यात जास्त लोक अडतात ते तारखेपाशी. जुन्या कागदात बऱ्याचदा सुहूर सन असतो, अरबी आकडे शब्दांत लिहिलेले. समजा लिहिलंय "इहिदे सितैन मया व अलफ". इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून त्याला मृगसालही म्हणतात, त्यामुळे जूनपासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मृग असेल तर ६००. म्हणजे हे साल १७६०-६१, पानिपताचं. १४ जानेवारी १७६१ची लढाई याच सालातली. एकदा हे जमलं की माणूस घरभर बेरजा करत फिरतो, बायको वैतागते. नुसतं "छ ८ मोहरम" असं असेल तर तो चंद्राचा दिवस, हिजरी महिन्यातला, आणि त्यापुढे वर्ष नसेल तर मात्र मजकुरातली माणसं आणि घटना बघून साल बसवावं लागतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, खरे या लोकांचं निम्मं आयुष्य यातच गेलं असेल. शेवटी "मोर्तब सुद" असा शिक्का दिसला तर पत्र तिथे संपलं, त्याखाली कुणी काही घुसवलं असेल तर संशय घ्यायचा.

वाचून कोण देईल? पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राजवाड्यांनी १९१० मध्ये काढलेलं, तिथे चौकशी करा. सरकारच्या पुराभिलेख खात्याचेही मोडीचे वर्ग होतात, त्यातून तयार झालेले वाचक जिल्ह्याजिल्ह्यात सापडतात. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि या मंडळींना एकदम भाव आला, तोपर्यंत "मोडी येतं" म्हटलं तर लोक "बरं मग?" म्हणायचे. पैसे आधी ठरवून घ्या, आणि मूळ कागद कुणाच्याही हातात देऊन येऊ नका, फोटो द्या.

प्रश्न : मला गावचा इतिहास लिहायचाय. म्हातारी माणसं भरपूर सांगतात पण साल एकालाही आठवत नाही.
– ग्रामपंचायत सदस्य, माण तालुका

साल विचारूच नका, ते घाबरतात. जन्मतारीख विचाराल तर निम्मा गाव १ जूनला जन्मलेला निघेल, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि मास्तर वय बसवायला १ जून टाकायचे, आमच्याच बिरादरीची कृपा. त्याऐवजी विचारा, बाहत्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता? सुकडी खाल्ली का? मिलो, म्हणजे रेशनवरची ती लाल ज्वारी, आठवतो का? खडी फोडायला कोणत्या कामावर होता? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का? तो ११ डिसेंबर १९६७चा, पहाटेचा, आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. या दोन खुंट्यांना बाकीच्या आठवणी टांगता येतात. माणमध्ये तर दुष्काळावर बोलतं करायला कुणाला आग्रह करावा लागत नाही.

मग तेच शाळेच्या जनरल रजिस्टरला, सातबाऱ्याच्या फेरफारांना, ग्रामपंचायतीच्या दप्तराला लावून बघा. इंग्रजी काळातलं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर १८८५चं आहे, त्यात बाजार, तलाव, देवळं यांच्या नोंदी मिळतात. तुमच्याकडे हेळवी येत असतील, बैलावर बसून घराण्याची वंशावळ म्हणणारे, तर ते म्हणतील ते रेकॉर्ड करून घ्या, पण ते एक साधन आहे, निकाल नाही.

आणि देवळाच्या मागे पडलेले दगड आधी बघा! खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य असा दगड असेल तर तो वीरगळ. कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात असेल तर सतीशिळा. त्यांना ऑइलपेंट फासू नका ही हात जोडून विनंती. जीर्णोद्धाराच्या नावाखाली दगडांना शेंदरी आणि चंदेरी रंग देण्याची जी साथ आलीय तिने जेवढं पुसलं तेवढं पावसाने पुसलं नसेल.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर येणारा इतिहास खरा की खोटा कसा ओळखायचा?
– एक आजी, ठाणे

आजी, तीन गोष्टी बघा. कागदाचं नाव आहे का? साल आहे का? "शाळेत हे कधीच शिकवलं जाणार नाही" असं लिहिलंय का? तिसरं असेल तर पहिली दोन बहुधा नसतात. पुढे पाठवायच्या आधी पाठवणाऱ्याला फक्त "कुठून घेतलंत?" एवढं विचारा, निम्मे ग्रुप शांत होतील.

प्रश्न : इतिहासावर लिहिलं की लोक अंगावर येतात. तुम्ही शिक्षक, नोकरी आहे, भीती वाटत नाही?
– नाव छापू नये

वाटते की. एखाद्या घराण्याबद्दल, जातीबद्दल, गावाच्या मानापानाबद्दल काही लिहिलं की फोन मला नाही, थेट मुख्याध्यापकांना जातो. म्हणून काही गोष्टी पाळतो. हयात माणसांच्या घरातलं भांडण, कागद हातात असला तरी, त्यांना विचारल्याशिवाय लिहीत नाही. रागावलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर देत नाही. आणि उत्तर देताना माझं मत सांगत बसत नाही, कागदाचा फोटो आणि साधनाचं नाव पाठवतो, यांत बघून सांगा म्हणतो. काही जण शिव्या देऊन निघून जातात. काही जण मात्र खरंच बघतात आणि त्यांच्याच घरातला एखादा कागद घेऊन येतात, पहिलं वाक्य असतं "तुम्ही लिहिलंय ते आम्हाला मान्य नाही, पण हे जरा वाचून द्या". अशांना मी आधी चहा देतो.

सगळंच लिहितो असंही नाही हं. दोन गावांत यात्रेच्या पालखीच्या मानावरून तेढ असेल आणि हातात शंभर वर्षांपूर्वीचा निवाडा असेल, तर तो यात्रा होऊन जाईपर्यंत टेबलाच्या खणातच राहतो. याला कुणी भित्रेपणा म्हणेल, म्हणू दे.

प्रश्न : मोडी शिकायला किती दिवस लागतात? बोरू घ्यावा का?
– एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली

अक्षरओळख काही आठवड्यांत होते. नंतर मात्र कागद समोर आला की वाटतं आपल्याला काहीच येत नाही, कारण शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. सुरुवात पेशवेकालीन कागदांनी करा, ते वळण त्यातल्या त्यात देखणं आणि वाचायला सोपं. शिवकालीन नंतर. रोज अर्धा तास एकच कागद घेऊन बसा, अडलेला शब्द सोडून पुढे जा, चार ओळींनंतर तोच शब्द परत येतो आणि सुटतो. तुम्ही बँकेत होता म्हणजे आणे-पै आणि व्याजाचे हिशेब तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर लागतील. बोरूची गरज नाही, जेल पेन चालतं.