आई-मुलीचे भयपट भुताखेतांपेक्षा जास्त का झोंबतात, आणि ते आईबरोबर बसून पाहावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : भुतांचे सिनेमे तुम्ही शेंगदाणे खात पाहता, पण 'हेरेडिटरी' संपल्यावर आईला फोन करावासा वाटला, नंबर काढला आणि लावला नाही. असे का होते, या जातीचे आणखी कोणते पाहावेत, आणि आईला सोबत बसवावे का? पहिल्या दोन्हींवर माझी मते आहेत. तिसऱ्यावर अनुभव आहे, म्हणून लिहायला बसले. शेवट फोडणार आहे, ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी जपून.

आधी एका कडीची गोष्ट.

माझे आजोळ गोव्यात, डिचोली तालुक्यात. राजांगणामागे न्हाणी, न्हाणीत पाणी तापवायचे तांब्याचे भाण, आणि दाराला आतून कडी नाही. कधीतरी होती, खिळ्यांची चार भोके आणि लाकडावर कडीच्या आकाराचा फिकट ठसा अजून आहे. आत गेले की दारावर टॉवेल टाकायचा, टॉवेल दिसला की बाहेरच्याने समजून घ्यायचे. पुढे बाबांनी फोंड्याला फ्लॅट घेतला. नवी बाथरूम, स्टीलची चकचकीत कडी. सामान हलायच्या आदल्या दिवशी आईने स्क्रूड्रायव्हर घेऊन ती स्वतःच्या हाताने काढली. माझ्या आईने आजवर बल्बसुद्धा बदललेला नाही. का काढलीस विचारले तर "अडकून पडशील" एवढेच.

लग्न होऊन मी पर्वरीला आले. मुलगी दहा वर्षांची असताना एकदा तिने आंघोळीला जाताना कडी लावली, आणि मी दारावर अशा थापा मारल्या की वरच्या मजल्यावरचे काका खाली धावत आले. पोर ओल्या केसांनी बाहेर आली. "मम्मा, काय झालं?" मला खरेच सांगता येईना. तळहात लाल झाला होता आणि तोंडातून निघाले ते "अडकून पडशील."

तुम्हाला जे झोंबले ते याच जातीचे असावे, असा माझा अंदाज आहे. भीती हातापर्यंत पोचली, तिची गोष्ट वाटेत कुठेतरी गळाली. भुताला निदान नाव असते, कूळ असते. भूत उतरवणारा घाडी सांगतो कुठला, कशासाठी आला, काय दिले की जाईल. आईच्या भीतीला काहीच नसते. ती पुरुमेंतासारखी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसारखी, कणगीत भरून ठेवलेली असते आणि आपण विचार न करता त्यातले काढून खातो. (मुलगी आईच्या पोटात साधारण २० आठवड्यांची असते तोवर तिच्या जन्मभराच्या बीजांडांचा साठा तयार झालेला असतो. म्हणजे मी जिच्यातून झाले ते बीज आजीच्या पोटात होते. यावरून आठवणी रक्तातून उतरतात असे कुणी सिद्ध करू लागले तर मी ऐकणार नाही, पण रात्री झोप लागत नाही तेव्हा हे चित्र डोळ्यांपुढे येते खरे.)

'हेरेडिटरी' (२०१८, दिग्दर्शक अरी ॲस्टर) उघडतो तोच आजीच्या निधनाच्या बातमीवर. टोनी कोलेट झालेली आई बाहुलीच्या घरांसारखी इवली घरे बनवते आणि आपल्याच घरातले नको ते प्रसंग त्यांत हुबेहूब मांडत राहते. लोक शेवटाबद्दल बोलतात, तो गुप्त पंथ, तो पायमन नावाचा सैतान. मला तो भाग जरा स्वस्त वाटतो. मागे कुणी कट रचणारे आहे असे ठरले की आई सुटते, सगळेच सुटतात. माझ्या लेखी खरा सिनेमा सुरुवातीच्या त्या बैठकीत आहे. जवळचे माणूस गेलेले लोक गोल बसलेत आणि ही बाई आढेवेढे घेत माहेरचा हिशेब सांगते : वडील उपाशी राहून गेले, भावाने सोळाव्या वर्षी आईच्याच खोलीत जीव दिला. वाण्याची यादी वाचावी तशी. नंतर जेवणाच्या टेबलावर ती मुलावर जी ओरडते, तो आवाज तिच्या एकटीचा वाटतच नाही. तुम्ही फोन लावला नाहीत तो बहुधा या टेबलामुळे, पायमनमुळे नव्हे.

आणि अंगात येणे आपल्याला काही नवे नाही. पौषात आई धालोंसाठी, म्हणजे बायकांच्या नाचगाण्यांच्या उत्सवासाठी, माहेरी जायची. मी सहा वर्षांची होते. मांडावर, म्हणजे धालोंच्या अंगणात, बायकांच्या दोन ओळी समोरासमोर, गाणे चढत चाललेले, शेवटची रात्र. आईच्या अंगात रंभा आली. घरात कधी आवाज न चढवणारी माझी आई केस सोडून हसत होती. तोंड आईचे, हसू दुसऱ्याच कुणाचे. आजी विधवा, म्हणून मांडाच्या कडेला बसलेली. मी तिच्या लुगड्यात तोंड खुपसले. सकाळी आई आदोळीवर बसून नारळ खोवत होती आणि मला विचारत होती, "काल थंडी वाजली का गो तुला?" त्या हसण्याबद्दल पुढे कुणी चकार शब्द काढला नाही. कोलेटचा चेहरा पालटतो तिथे मला तो मांड आठवतो. फक्त आता, चाळिशी उलटल्यावर, वाटते की बाई हसली ते बरे झाले.

आपण 'श्यामची आई' वाचून वाढलेले लोक. आई म्हटले की माया, संस्कार, डोळ्यांत पाणी. आईचा राग, आईला नकोसे झालेले मूल, मुलीचा आईबद्दलचा कंटाळा, हे ठेवायला आपल्याकडे फडताळच नाही. भयपट ते करून देतो, भुताचे निमित्त काढून. 'बाबाडूक' (२०१४) मध्ये जेनिफर केंटने नवरा गेलेली आई आणि तिला झोपू न देणारा मुलगा दाखवला. मुलगी नाही त्यात, पण बाळंतपणापासून न झोपलेल्या कुठल्याही बाईला विचारा की राक्षस कोण ते.

आणखी कोणते पाहावेत? मला बहुतेक सिनेमे इफ्फीने, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने, दाखवले. २००४ पासून महोत्सव पणजीत भरतो, आणि नोव्हेंबरात पास गळ्यात घालून रांगेत उभे राहण्याची सवय लागली की माणूस काहीही पाहतो. त्यातून माझी आवड जपानी पाण्याकडे गेली. हिदेओ नाकाताचा 'डार्क वॉटर' (२००२) बघाच, तोही पावसाळ्यात. घटस्फोटाच्या कज्जात अडकलेली आई लहान मुलीला घेऊन एका जुनाट इमारतीत राहायला येते. छतावर ओलीचा डाग. डाग मोठा होत जातो. गोव्यात ज्याने जुलै काढला आहे त्याला या डागाची भीती समजावून सांगावी लागत नाही, आम्ही खाली बादली ठेवतो आणि जेवायला बसतो. पण सिनेमाची मेख डागात नाही. ही आई लहान असताना पावसात बालवाडीत बसून राहायची, तिला न्यायला कुणी वेळेवर यायचे नाही. आता नोकरी आणि वकील यांच्या धावपळीत तिलाही उशीर होतो, आणि तिची मुलगी तशीच बसून राहते. कुणी दुष्ट नाही. उशीर तेवढा एका पिढीतून दुसरीत आला आहे. शेवटी ती स्वतःच्या मुलीला वाचवायला दुसऱ्या, टाकलेल्या मुलीची आई होऊन मागे राहते. मी रडले, आणि मी सिनेमात रडणारी बाई नाही.

'अंडर द शॅडो' (२०१६, बाबक अन्वरी) १९८८ च्या तेहरानमध्ये घडतो. इराण-इराक युद्ध, गच्चीतून घुसलेले न फुटलेले क्षेपणास्त्र, आणि डॉक्टर होऊ न दिलेली एक आई. जिन आहे, पण त्या बाईच्या हातातले वैद्यकाचे पुस्तक जास्त लक्षात राहते. तिच्या वारलेल्या आईने दिलेले. आईची हौस मुलीच्या कपाटात, हा वारसाही सोपा नसतो.

मराठीत शोधाल तर 'लपाछपी' (२०१७) आहेच. पूजा सावंत गरोदर, चहूकडे ऊस, आणि उषा नाईकांची तुळसाबाई जी वाढते ते जेवण घशाखाली उतरू नये अशी. मुलगी नको या हट्टाची गोष्ट, आणि तो हट्ट बायकांच्याच हातांनी पुढे कसा जातो त्याची. विशाल फुरियाने पुढे यावरूनच हिंदीत 'छोरी' केला. मला मराठीच बरा वाटला, ऊस जास्त दाट आहे. 'तुंबाड' बापलेकांचा, म्हणून इथे बसत नाही, पण हावसुद्धा वारसाहक्काने कशी मिळते ते पाहायचे असेल तर जरूर. 'कॅरी' (१९७६) जुना झाला तरी पायपर लॉरीची देवभोळी आई शिळी झालेली नाही. 'उम्मा' (२०२२) सान्ड्रा ओ या अभिनेत्रीसाठी लावला आणि निम्म्यात भाजी निवडायला घेतली.

आता आईला सोबत बसवण्याचे.

आजीची शेवटची अडीच वर्षे फोंड्याच्या फ्लॅटमध्ये गेली, स्मृतिभ्रंशात. रात्री उठायची आणि बाथरूमच्या दारावर थापा मारायची. आत कुणी नसायचे. दार ढकलले की उघडते हे दाखवले तरी पुन्हा ओढून घ्यायची आणि थापा मारायची. "आवय, दार उगड." तिच्या आईला हाक. डॉक्टर म्हणाले, या आजारात होते असे. आम्हीही तेच धरून चाललो.

ती गेल्यानंतर काही वर्षांनी, आषाढात, वीज गेलेली, आईची मालिका बुडालेली. माझ्या लॅपटॉपमध्ये 'रेलिक' होता (२०२०, नॅटली एरिका जेम्स). ऑस्ट्रेलियातला सिनेमा : आजी एडना, मुलगी के, नात सॅम. आजी घरातून नाहीशी होते, काही दिवसांनी परत येते, कुठे होती ते सांगत नाही. भिंतींवर काळी बुरशी चढत जाते. दिग्दर्शिकेच्या जपानमधल्या आजीला अल्झायमर होता, त्यातून हा निघाला. मी आईला मधून मधून सांगत होते काय चालले आहे ते. तिला गरज नव्हती. बुरशी पाहून म्हणाली, "पावसाआधी चुना काढला नाही तर असंच होणार." घरभर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, गोळ्या घे, नळ बंद कर, आणि मध्येच एक : त्याच्या मागे जाऊ नकोस. यावर म्हणाली, "आपण आजीला असं लिहून द्यायला हवं होतं. तिला वाचता यायचं."

मग घर आतल्या आत वाढू लागते. नात भिंतीमागच्या अरुंद बोळांत हरवते आणि आतून भिंतीवर थापा मारते.

"बंद कर," आई म्हणाली. मी हात पुढे केला तर, "नको. राहू दे."

आणि पडद्यावरून नजर न काढता बोलली. आजी नऊ वर्षांची होती. तिच्या आईने न्हाणीत जाऊन आतून कडी लावली. हिने थापा मारल्या. माणसे आली, दार फोडले, तोवर. एवढेच. आईला ते आजीने एकदाच सांगितले होते, आईला न्हाण आले त्या दिवशी, आणि कुणाला सांगू नको म्हणून बजावले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या मुलीला कळलं असतं."

मी तिला पर्वरीच्या त्या दाराबद्दल कधी बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही. मुलगी आता तेरा वर्षांची आहे, कडी लावते, आत तासभर गाणी म्हणते, आणि तिला काय सांगायचे, कधी सांगायचे, ते माझे ठरलेले नाही.

तर बसवावे का? बसवा, पण तिला काही विचारायचे म्हणून बसवू नका, आणि जेवण आधी उरकून घ्या. समोरासमोर ज्या गोष्टी आयुष्यभर निघत नाहीत त्या दोघींचे डोळे तिसरीकडे असले की निघतात. निघाल्या नाहीत तरी बिघडत नाही. 'हेरेडिटरी' मात्र आईसोबत नको. तो एकटीने, एकट्याने.

'रेलिक'चा शेवट आईने पुरा पाहिला. के पळून जाता जाता मागे फिरते, आईला उचलून पलंगावर ठेवते आणि तिची सडलेली कातडी हलक्या हाताने सोलून काढते. आतून काळे, वाळलेले, लहानसे काहीतरी निघते. ती त्याला कुशीत घेऊन पडते. "अशीच पुसायची मी तिला," आई म्हणाली, "पाठीची साल हाताला यायची." मग नात येऊन आपल्या आईमागे आडवी होते, आणि तिला आईच्या पाठीवर तसाच एक काळा डाग दिसतो. तिथे सिनेमा संपतो.

लॅपटॉप मिटला. अंधारात आईने पदर सारून पाठ माझ्याकडे केली. "बघ गो, आहे का काही."

मोबाइलचा उजेड धरला. घामोळे होते. पावडर लावून दिली.